आणखी काय घेता?

मनुबाईच्या मनगटावर तीन बोटं ठेवून देवदत्तने डोळे मिटले होते. नाडी जलद लागत होती, नेहमीपेक्षा फारच जलद. "धावत आलात का मनुबाई?" त्याने विचारलं. "न्हाय वो दाक्तर," ती म्हणाली, "माझी नाडी न्हाय ती. तुमचाच हात हलतोय." त्याने डोळे उघडले. हात खरंच हलत होता. उजव्या हाताचा अंगठा तर्जनीवर हळूहळू घासत होता, आणि ती हालचाल बाकीच्या बोटांतून मनुबाईच्या सुरकुतलेल्या कातडीवर उतरत होती. कॉलेजात औषधं बनवायच्या रसशाळेत बसून सगळे गोळ्या वळायचे, तेव्हा अंगठा असाच चालायचा. गोळी नसताना अंगठा तसा चालू लागला, तर त्याला काय म्हणतात हेही त्याने तिथल्याच एका पुस्तकात वाचलं होतं. त्याने हात मांडीवर घेतला. लिहायला पेन धरलं तशी थरथर थांबली. गुडघ्याला लावायचं तेल त्याने लिहून दिलं, पायऱ्या कमी चढा म्हणून सांगितलं. मनुबाई गुडघ्यावर हात टेकून उठली, यंदा भात चांगलं आलंय पण कापायला माणसं मिळत न्हाईत असं काहीतरी सांगत गेली. हाताचं तिने पुन्हा काढलं नाही. खिडकीचं दार वाजतंय एवढंच जणू तिने सांगितलं होतं. तिने चौकशी केली असती, काळजी दाखवली असती, तर त्याला काहीतरी उत्तर देऊन सुटता आलं असतं.

बाहेर अजून चार-पाच माणसं बाकावर होती. त्याने कोणाला आत बोलावलं नाही. बोर्ली पंचतनपासून थोडं आत, रस्त्याच्या वळणावर हे आरोग्य केंद्र. वऱ्हांड्याच्या एका टोकाला मोठ्या डॉक्टरांची खोली, दुसऱ्या टोकाला त्याची, आयुष विभागाची, म्हणजे आयुर्वेदाची. मधे औषधांची खिडकी, लस देण्याची जागा, पिण्याच्या पाण्याचा नळ. वऱ्हांडा काही फार लांब नव्हता, पण देवदत्तने तो दोन्ही बाजूंनी चालून पाहिला होता. मोठ्या डॉक्टरांची जागा रिकामी होती तेव्हा केंद्र तोच चालवत होता. सलाइन लावली, जखमा शिवल्या, साप चावलेल्या माणसांच्या उशाशी बसून लस थेंबाथेंबाने आत जाताना पाहिली. कोविडात तर या टोकापासून त्या टोकापर्यंत तो एकटाच होता, आणि त्या काळात कोणी त्याला कुठली डिग्री म्हणून विचारलं नाही. मग त्या रिकाम्या जागी प्रणालीची नेमणूक झाली. एमबीबीएस, वय तिशीच्या आतलं, बाप मुंबईच्या गोदीत नोकरीला आणि घर इथल्याच आतल्या एका गावात, भातशेतीचं. पहिल्या दिवशी ती त्याच्या पाया पडायला वाकली होती आणि त्याने तिला मधेच थांबवलं होतं. तिच्याबद्दल त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. फक्त आपण त्या खुर्चीवरून उठून वऱ्हांड्याच्या या टोकाला येताना एकाही माणसाला त्यात काही वेगळं वाटलं नाही, हे त्याला लागलं होतं. माणसं तिकडे जायला लागली. तिकडे बरं वाटलं नाही की इकडे यायला लागली. मॅडमना सांगू नका हां, म्हणत त्याच्याकडची पुडी पदरात बांधायला लागली. तोही सांगत नसे. तिकडच्या गोळ्या चालू आहेत का, हे तो विचारायचा, नाही म्हणताना माणसाची नजर कुठे जाते तेही त्याला कळायचं, पण त्यापुढे जाऊन खोदणं त्याला कमीपणाचं वाटे.

त्या दिवशी संध्याकाळी खोलीवर परतल्यावर तो आरशासमोर उभा राहिला, आणि मग एकेक गोष्ट आपण होऊन येऊन रांगेत उभी राहू लागली. वास सर्वांत आधी गेला होता. महानारायण तेलाची बाटली उघडली की खोलीभर पसरणारा तो जड, कडवट वास त्याला येईनासा झाला, फोडणीतला हिंग कळेना, आणि चौलच्या घरच्या वाडीत सुपारी सोलायला बसल्यावर ओल्या सालींचा जो आंबूस दर्प लहानपणापासून नाकात होता तोही नाहीसा झाला. कोविडाने गेला असेल म्हणून त्याने सोडून दिलं होतं, त्या दिवसांत सगळ्यांचंच काही ना काही गेलं होतं. मग उजवा खांदा आखडला. त्याला त्याने स्वतःच तेल लावलं, शेक दिला, आणि खांदा थोडा सुटलाही. मग औषधाच्या खिडकीतला फार्मासिस्ट म्हणायला लागला की डॉक्टर, तुमचं अक्षर मुंग्यांसारखं झालंय, ओळ संपेपर्यंत दिसेनासं होतं. चौलहून बायको, हेमांगी, फोनवर म्हणायची, अहो, जरा मोठ्याने बोला, तोंडातल्या तोंडात काय बोलता. खांद्याचं खांद्यापाशी, नाकाचं नाकापाशी असं प्रत्येक गोष्टीला त्याने वेगवेगळं उत्तर दिलं होतं. समोरचा रोगी असा तुकड्यातुकड्याने आला असता तर त्याने त्याला अख्खा बघितला असता. एवढ्यासाठीच तर माणसं त्याच्याकडे येत होती. मॅडम रिपोर्ट बघतात, तुम्ही माणूस बघता, असं त्याला कोणीतरी म्हणालं होतं आणि ते त्याने बरेच दिवस मनात घोळवलं होतं.

आजाराला त्याच्याकडे दोन नावं होती. कंपवात म्हटलं की तो घरातला वाटायचा, वाताचा एक हट्टी प्रकार, तेलातुपाने, शेकाने, वेळेवर जेवून निजून त्याला वळणावर आणता येईल असा. पार्किन्सन म्हटलं की एक लांबलचक रस्ता दिसायचा, एकाच बाजूला उतरत जाणारा. काही दिवस तो या दोन नावांच्या मधे राहिला. दिवसा केंद्रात पहिलं नाव चालायचं, आंघोळीच्या वेळी सदऱ्याच्या गुंड्या काढताना बोटं अडली की दुसरं. वडिलांची आठवण या दिवसांत फार येई. विश्वंभर मास्तरांनी चौलमध्ये सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की देवदत्त डॉक्टर होतोय. बारावीला मार्क थोडे कमी पडले, तो पुण्याला आयुर्वेदाला गेला, आणि मास्तर सांगतच राहिले, देवदत्त डॉक्टर होतोय. कुठला, ते त्यांनी कधी खोटं सांगितलं नाही. फक्त वाक्य तिथे संपवलं. देवदत्तलाही ते वाक्य तिथेच संपवायची सवय लागली. पुढे त्याला आपला विषय आवडायला लागला, मनापासून आवडायला लागला, तरी कोणी अनोळखी माणसाने काय करता म्हणून विचारलं की घशापाशी एक लहानशी जागा रिकामी राहायची.

त्याने स्वतःवर उपचार सुरू केला तो खाजकुयलीने. चौलच्या वाडीच्या कुंपणावर तिचे वेल होते, शेंगांवर सोनेरी लव, हात लागला तर दिवसभर अंग खाजत राहील अशी. कवचबीज म्हणून ग्रंथात तिचं कौतुक आहे. एका रविवारी त्याने हाताला फडकं गुंडाळून शेंगा काढल्या. बिया दुधात उकळल्या, साली काढल्या, वाळवल्या, दळल्या. हेमांगी शाळेच्या वह्या तपासत पडवीत बसली होती. कोणासाठी एवढं करताय, तिने विचारलं. आहे एक पेशंट, तो म्हणाला. तिने मान वर करून त्याच्या हाताकडे बघितलं आणि पुन्हा वही उघडली. तिला कळलं होतं. तिला कळलं आहे हे त्यालाही कळलं, आणि दोघांनी तो रविवार तसाच जाऊ दिला. चूर्ण तो सकाळ-संध्याकाळ दुधातून घेऊ लागला. हळूहळू हात शांत झाला. गुंड्या लागायला लागल्या. त्या दिवसांत त्याला झालेला आनंद निव्वळ बरं वाटण्याचा नव्हता. आपल्या टोकाच्या खोलीतून, आपल्या कुंपणावरच्या वेलीतून हे झालं, असा तो आनंद होता, आणि त्यात कुठेतरी एक सूक्ष्म जिंकणं होतं. पण तो पुरता भोगता येत नव्हता, कारण त्या बियांमध्ये काय असतं हे त्याला माहीत होतं. तिकडच्या डॉक्टरांनी ज्या गोळ्या दिल्या असत्या, त्यांत जे द्रव्य असतं तेच, लेव्होडोपा. तो जिंकला होता तो त्यांच्याच हत्याराने, किंवा ते इतकी वर्षं जिंकत आले होते ते त्याच्या हत्याराने. कसंही म्हटलं तरी चाललं असतं. पण त्याला यातलं एकच काहीतरी खरं असायला हवं होतं.

हेमांगीने शेवटी मुंबईच्या न्यूरॉलॉजिस्टची वेळ त्याला न विचारता घेतली. ती सोबत आली. ते डॉक्टर त्याच्यापेक्षा वयाने लहान होते, बोलायला चांगले होते. त्याला चालायला लावलं, बोटांची उघडझाप करायला लावली, मनगट धरून हळूच फिरवलं. मग विचारलं, आपण डॉक्टर का? हो, तो म्हणाला. अच्छा, म्हणजे आपल्याला सगळं समजावून सांगायला नको, ते म्हणाले. आणि पुढे तो प्रश्न आला, जो देवदत्त स्वतः रोज रोग्यांना विचारायचा. आणखी काही औषधं घेता? त्याने भिंतीवरच्या मेंदूच्या चित्राकडे बघितलं. नाही, तो म्हणाला. हेमांगी खुर्चीत किंचित हलली. त्यांनी गोळी लिहून दिली. बाहेर आल्यावर ती एवढंच म्हणाली, "त्यांना सांगायला हवं होतंत." तो म्हणाला, सांगेन पुढच्या वेळी. पुढच्या वेळेपर्यंत आपण चूर्ण बंदच करणार आहोत असं त्याने तेव्हा खरोखर मनाशी ठरवलं होतं. पण गोळी सुरू झाल्यावर चूर्ण बंद करायचं म्हणजे कुणाला तरी आपल्या घरातून उठवून लावायचं, असं त्याला वाटायला लागलं. गोळीने हात थांबला तर तो गोळीने थांबला असंच होणार होतं. मग त्याने चूर्ण थोडं कमी केलं, मग पुन्हा पूर्ववत केलं. सकाळी उठल्यावर मळमळायचं, उभं राहिलं की क्षणभर खोली लांब जायची. याचंही उत्तर त्याच्याकडे तयार होतं, पित्त.

एका शनिवारी दुपारी तो मोटरसायकल घेऊन चौलला निघाला. दिघीहून फेरीबोटीने आगरदांड्याला उतरायचं आणि मुरूडवरून पुढे जायचं, हा त्याचा ठरलेला रस्ता. त्या दिवशी हेमांगीची बहीण घरी यायची होती, आणि तिच्यासमोर चहाचा कप धरताना हात हलू नये म्हणून गोळी घेतल्यावर त्याने चूर्णही रोजच्याहून जास्त घेतलं होतं. बोटीत गाड्या दाटीने लावल्या होत्या. तो बाजूच्या बाकावर बसला. खाडीवर ऊन होतं, पाणी संथ होतं. शेजारी एक बाई रिकाम्या टोपल्या एकात एक घालून बसली होती, टोपल्यांना मासळीचा वास असणार, त्याला तो येत नव्हता, आणि एकदम त्याला वाटलं की आपण या बोटीत नाहीच, कुणीतरी आपल्याला हे सगळं वर्णन करून सांगतंय. पलीकडचा किनारा जवळ आला. गाड्या सुरू व्हायला लागल्या. तो उठला, गाडीच्या हँडलला हात घातला, आणि डोळ्यांपुढचं ऊन कडेकडेने काळं होत आत आलं. पडताना त्याला मोटरसायकलचा आवाज ऐकू आला, स्वतःचा आला नाही. शुद्धीवर आला तेव्हा ती टोपल्यांची बाई त्याच्या कपाळावर ओलं फडकं दाबून धरत होती आणि कोणीतरी म्हणत होतं, अरे, हे तर बोर्लीकडचे दाक्तर हायत. लोकांनी त्याला विचारलं नाही. त्याच बोटीने परत दिघीला आणलं, रिक्षात घातलं, आणि जिथे सगळ्यांना नेतात तिथे, त्याच्याच केंद्रात, आणून टेबलावर निजवलं.

त्या टेबलावरून छत कसं दिसतं हे त्याने कधी पाहिलं नव्हतं. पंख्याच्या पात्यावर धुळीची कड होती. प्रणालीने कपाळ साफ केलं, भूल दिली, टाके घालायला घेतले. तिची बोटं हलकी होती. टाके झाल्यावर तिने त्याचं ब्लडप्रेशर निजवून घेतलं, मग त्याला धरून उभं करून घेतलं, आणि पुन्हा निजवलं. उभं राहिल्यावर ते पार खाली जात होतं.

"सर, गोळी कुठली चालू आहे?" तिने विचारलं.

त्याने नाव सांगितलं. ते सांगताना लपवणं संपल्याचा हलकेपणा येईल असं त्याला वाटलं होतं, पण आला नाही. तिला आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. ती म्हणाली की तुम्ही वऱ्हांड्यातून येता तेव्हा तुमचा उजवा हात चालत नाही, मी इथे आले तेव्हापासून बघतेय. मग बोलला का नाहीत, त्याने विचारलं. तुम्ही मोठे, ती म्हणाली. शिवाय तुम्ही तुमच्या पद्धतीने काही करत असाल, त्यात मी कशाला पडू, असं वाटलं. ती स्टूल ओढून त्याच्या उशाशी बसली. बाहेर कोणीतरी नळ उघडा टाकला होता.

"आणखी काय घेता?"

काही नाही, हे उत्तर जिभेवर तयार होतं. एवढ्या वर्षांत हा प्रश्न त्याने किती माणसांना विचारला असेल, आणि त्या सगळ्या माणसांच्या नजरा कुठे कुठे जात, खिडकीकडे, पायातल्या चपलेकडे, नातवाच्या केसांकडे, ते सगळं त्याला त्या छताखाली निजल्या निजल्या आठवलं. ती माणसं खोटं बोलत नव्हती. त्यांना दोन दारं ठेवलेली होती, आणि एका दारात दुसऱ्याचं नाव काढायचं नाही एवढं त्यांना कोणी न सांगता कळलेलं होतं. त्या दोन दारांपैकी एक उभं करणारा तो स्वतः होता. "कवचबीज," तो म्हणाला. तिला कळलं नाही. "खाजकुयली," तो म्हणाला, आणि तिला हसू आलं. शाळेत असताना मुलांनी तिच्या दप्तरात ती शेंग टाकली होती, दिवसभर ती रडत खाजवत होती. मग हसू थांबवून तिने विचारलं, "त्यात काय असतं?"

"त्या गोळीत असतं तेच."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं, सर."

"हो."

"आणि तिकडे सांगितलं नाहीत."

"त्यांनी विचारलं डॉक्टर का, मी हो म्हटलं. कवचबीजाचं नाव काढलं असतं, तर कुठला डॉक्टर ते कळलं असतं."

हे वाक्य त्याने कुणापुढेच, हेमांगीपुढेसुद्धा, कधी उच्चारलं नव्हतं. उच्चारल्यावर ते इतकं लहान निघालं की त्याला ओशाळल्यासारखं झालं. प्रणालीने ट्रेमधली कात्री उचलली, परत ठेवली. ती रागावेल, किंवा त्याहून वाईट म्हणजे समजूत घालेल, अशी त्याने तयारी केली होती. ती म्हणाली, "मी तुमच्याकडे कोणाला पाठवते माहिताय? ज्यांना द्यायला माझ्याकडे काही उरत नाही त्यांना. तिकडे जा, तेल देतील, म्हणते. तुमच्या खोलीत पुढे काय होतं ते मी एकदाही विचारलं नाही." आणि मग, तोच विषय असल्यासारखं, तिने सांगितलं की आज रात्री तुम्ही इथेच राहायचं, मी हेमांगीताईंना फोन केलाय.

सोमवारी तिने त्या न्यूरॉलॉजिस्टना त्याच्यासमोर फोन लावला. देवदत्तने स्वतः सांगितलं, आपण आयुर्वेदाचे डॉक्टर आहोत इथपासून. मग त्यांनी चूर्ण किती, कधीपासून, एवढं विचारलं आणि म्हणाले की दोन्ही एकत्र अजिबात नको, गोळीत मात्रा ठरलेली असते, बियांत ती दर वेळी वेगळी निघणार. तेल लावा, चाला, हातपाय मोकळे करा, ते सगळं हवंच आहे, फक्त जे कराल ते मला माहीत असू द्या. गोळी दुधाबरोबर घेऊ नका, असंही ते म्हणाले. देवदत्तने फोन ठेवला. इतकं थोडक्यात आटपणार होतं. ज्या अपमानाला तो महिनोन्महिने चुकवत होता तो त्या फोनच्या दुसऱ्या टोकाला नव्हताच, कदाचित कधीच नव्हता. तो अपमान जिथे होता तिथे देवदत्तला स्वतःलाच शोधायचा होता. चौलला गेल्यावर त्याने चूर्णाचा डबा हेमांगीच्या हाती दिला. तिने तो घासून उन्हात ठेवला आणि पुढच्या वेळी तो गेला तेव्हा त्यात आमसुलं होती. त्याला वाईट वाटलं. हात पुन्हा थोडा हलायला लागला होता, मग गोळीची वेळ बदलल्यावर कमी झाला, पण ते शांत होणं आता त्याचं एकट्याचं नव्हतं.

बोर्लीच्या बाजाराच्या दिवशी केंद्रात गर्दी असते. त्या दिवशी दोघांनी एकाच खोलीत बसायचं हे प्रणालीने सुचवलं, जुनाट दुखण्यांच्या माणसांसाठी, ज्यांच्या चकरा दोन्ही टोकांना चालू असतात त्यांच्यासाठी. वरच्या कचेरीतून याला ना हो आलं, ना नाही. पहिल्या एकदोन वेळा माणसं दारातच थबकली. दोघांना एकदम बघून त्यांना पकडल्यासारखं झालं. एका बाईने तर मी नंतर येते म्हणून चपला घातल्या. प्रणालीलाही जड जात होतं. तिला घाई असायची, वाक्य पुरं व्हायच्या आत तिचं पेन चालायला लागायचं, आणि एकदा संधिवाताच्या एका माणसापुढे ती आणि देवदत्त चांगलेच अडले, तो काढा की ती गोळी यावरून. तो माणूस दोघांकडे आळीपाळीने बघत राहिला. शेवटी प्रणालीने त्याचं रक्त तपासायला पाठवलं, मूत्रपिंडाचा आकडा वाईट आला, आणि दोन्ही बंद करून त्याला अलिबागला पाठवावं लागलं. पण हळूहळू पिशव्यांतून वस्तू बाहेर यायला लागल्या. बाजारातल्या पुड्या, मुंबईच्या मुलाने पाठवलेल्या गोळ्या, कोणा शेजाऱ्याच्या उरलेल्या, वासावरून ओळखता येतील अशी मुळं, जी देवदत्त आता रंगावरून आणि चवीवरून ओळखायचा. त्याच्या हाताविषयी कोणी बोलत नसे. पाठीमागे बोलत असणार, हे त्याला ठाऊक होतं. दाक्तरालाच कंपवात झाला, तो आपल्याला काय बरं करणार. हे वाक्य त्याने मनात इतक्या आवाजांत ऐकलं होतं की ते प्रत्यक्षात कोणी उच्चारलं की नाही हे महत्त्वाचं राहिलं नव्हतं. तो हात टेबलाखाली ठेवायचा.

मग एका बाजारच्या दिवशी बुधाजी आला. आतल्या गावचा शेतकरी, सत्तरीच्या पुढचा, सोबत सून, नूतन. दाराच्या उंबऱ्यापाशी त्याचे पाय थांबले. जमिनीला चिकटल्यासारखे. मागून नूतनने हलका धक्का दिला तशी तीन-चार बारीक पावलं पटापट पडली आणि तो खुर्चीच्या पाठीवर येऊन टेकला. देवदत्तने त्या माणसात आपल्यापुढचा रस्ता बघितला. नूतन सांगत होती की हे आताशा मुद्दाम करतात, हाक मारली तर उठत न्हाईत, जेवायला तासभर लावतात, त्वांडावर हसू न्हाय की रडू न्हाय. मुलगा मुंबईला असतो, तो म्हणतो म्हातारपण हाय. बुधाजी ऐकत होता. प्रणालीने तपासलं, मनगट फिरवून पाहिलं, आणि मग नीट, सावकाश, त्याला समजावून सांगायला लागली, मेंदूत एक द्रव्य कमी पडतं, त्यामुळे असं होतं, यावर औषध आहे. ती चांगलं सांगत होती. पण बुधाजीचा चेहरा तसाच राहिला, पाटीसारखा कोरा, आणि आपलं बोलणं पोचतंय की नाही हे न कळून ती एका ठिकाणी अडखळली. तो चेहरा देवदत्तला आतून माहीत होता. चौलला जेवताना हेमांगीने काहीतरी गमतीचं सांगितलं होतं, तो मनात खूप हसला होता, आणि ती गप्प होऊन म्हणाली होती, रागावलात का? चेहरा हलत नाही म्हणून आत काही हलत नाही असं नसतं. ते या खोलीत त्याच्याखेरीज कोणाला सांगता येणार नव्हतं.

त्याने हात टेबलाच्या खालून काढून वर ठेवला. तो हलत होता.

"बुधाजीबुवा, हे मलाही झालंय," तो म्हणाला.

नूतन बोलता बोलता थांबली. प्रणालीने मान वळवली नाही. दाराबाहेरच्या बाकावर माणसं होती, दार उघडं होतं, त्यांनीही ऐकलं असणार. बुधाजीचे डोळे, फक्त डोळे, त्याच्या हाताकडे आले आणि तिथेच राहिले. त्याचा आवाज आला तो इतका बारीक की दोघांनाही पुढे वाकावं लागलं.

"मग तुमी कसं करता?"

कसं करता. एवढी वर्षं माणसांनी त्याला विचारलं होतं की मी काय करू. हे त्याला कोणी विचारलं नव्हतं. तो सांगायला लागला. गोळी कधी घेतो आणि तिच्या आगेमागे दूध का घेत नाही. पूर्वी बिया घेत होतो, दोन्ही घेतलं आणि बोटीत पडलो, ही बघा खूण. सकाळी कुशीवर वळता येत नाही तेव्हा आधी गुडघे मुडपून एका बाजूला पाडतो, मग अंग आपोआप येतं. हेमांगी तेल लावते तेव्हा खांदा सुटतो, आजार जात नाही पण ती सकाळ बरी जाते. खुर्चीतून उठताना पाय आधी मागे घेतो. हे सांगताना तो उठलाच, आणि कसं उठायचं ते दाखवलं. बुधाजी बघत होता. "आणि पाय अडला की?" त्याने विचारलं. पाय अजून अडत नव्हता देवदत्तचा. पुढे अडेल. ते माहीत नाही, असं त्याने सांगितलं, आणि प्रणालीकडे बघितलं. ती म्हणाली की ताल धरला तर अडलेलं पाऊल सुटतं असं आम्हाला शिकवलंय, टाळ्या वाजवून वगैरे, पण मी कधी करून बघितलेलं नाही. तेव्हा नूतन पहिल्यांदाच वेगळ्या आवाजात बोलली. मामंजी गणपतीत नाचात पुढं असायचं, ती म्हणाली. सारा गाव यांच्या पायाकडं बघून पाय टाकायचा.

ते वऱ्हांड्यात आले. बाकावरच्या माणसांनी पाय आखडून घेतले. बुधाजी उंबऱ्यापाशी पुन्हा अडकला, पाय जागच्या जागी थरथरत, अंग पुढे झुकलेलं, आणि नूतनचा हात सवयीने त्याच्या पाठीकडे गेला, तो देवदत्तने धरला. प्रणाली टाळ्या वाजवायला लागली. ताल चुकत होता, फार जलद होता. बुधाजीने बारीक आवाजात तिला काहीतरी सांगितलं, ती थांबली, आणि मग तो स्वतःच तोंडाने बोल म्हणायला लागला, पुटपुटल्यासारखे, नाचात ढोलकीवर पडतात तसे. बाकावरच्या एका म्हाताऱ्याने ते ओळखून मांडीवर थाप धरली. एक पाऊल सुटलं. उंच, गुडघ्यातून उचललेलं, एवढ्या थोरल्या पावलाची तयारी नसल्यासारखं सगळं अंग त्याच्यामागून ओढलं गेलं, आणि मग दुसरं पडलं, आणि तिसरं. चेहऱ्यावर काहीच नव्हतं. बुधाजी नळाच्या पुढे गेला, औषधांच्या खिडकीच्या पुढे गेला. देवदत्त त्याच्या मागोमाग चालू लागला, आधी पडला तर धरायला म्हणून, आणि थोड्या वेळाने त्याच्या पायाकडे बघत, त्याच्यासारखा पाय टाकत.

"हात बी हलवा दाक्तर," बुधाजी मागे न बघता म्हणाला, "नाचात हात मोकळा लागतो."

देवदत्तने उजवा हात मोकळा सोडला.